गाडगं, खराटा आणि दवाखान्याच्या दारातली धर्मशाळा

टाळकऱ्यांनी टाळ थोडे खाली ठेवावेत, मृदंगाचार्यांनीही हात सैल सोडावेत. आज अभंगाचं निरूपण नाही. काल्याला अजून दोन दिवस आहेत, तेव्हा अभंग होईलच. आज चरित्र लावायचं आहे, आणि तेही फार जुन्या संताचं नव्हे. ज्यांनी त्यांना डोळ्यांनी पाहिलं होतं अशी म्हातारी माणसं आमच्या लहानपणी गावोगाव भेटायची. पाराबद्दल, नालीबद्दल सांगायची. देवाबद्दल नंतर. अशा माणसाचं चरित्र.

पण आधी माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. आमच्या थोरल्या चुलत्यांना घशाचा आजार झाला. तालुक्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, मुंबईला न्या म्हणाले. नेलं. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात उपचार झाले, चांगले झाले, फारसे पैसेही लागले नाहीत. चुलते आणखी अकरा वर्षं जगले. आणि तरीही घरी परत आलो तेव्हा मळ्यातली दोन एकर जमीन गेलेली होती. मी पोरगा होतो. वडिलांना विचारलं, दादा, दवाखाना फुकट होता ना, मग जमीन कुठं गेली? वडील काही बोलले नाहीत. हा प्रश्न मंडळी लक्षात ठेवा. आपण फिरून याच्यापाशीच येणार आहोत.

आता चरित्र. 23 फेब्रुवारी 1876. अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. परीट समाजातल्या झिंगराजी जानोरकरांच्या घरी मुलगा झाला. नाव डेबू. आईचं नाव सखुबाई. काळ कसा होता बघा. याच्या आदल्याच वर्षी, मे 1875 मध्ये, इकडे पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले होते. त्यांनी सावकारांच्या घरांत शिरून कर्जरोखे बाहेर काढले आणि जाळले. पुढे 1879 साली सरकारनं शेतकऱ्यांना सावकारापासून थोडं संरक्षण देणारा कायदा केला, पण तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता. वऱ्हाडाला तो नव्हता. आणि वऱ्हाडात तर कापूस! अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा, 1861 ते 1865, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी ज्वारीची रानं कापसाखाली घातली, उसनवारीनं पैसा घेतला. युद्ध संपलं, भाव पडला, पैसा गेला, कर्ज तेवढं राहिलं. कर्ज कधी आपोआप उतरतं का हो? नाही. व्याज लावून ते पोराच्या डोक्यावर जातं.

झिंगराजी दारूत गेले. त्या काळी समाजात बारसं असो, बारावा असो, बोकड आणि दारू लागायचीच. देवाला नैवेद्यसुद्धा तोच. घरी दारिद्र्य आणि उंबऱ्यावर दारू. सखुबाई लेकराला घेऊन माहेरी आल्या, मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला. डेबू मामाकडं वाढला. ढोरं राखली, नांगर धरला. जमिनीवर त्याचा जीव. आणि तिथंही तेच! मामांची जमीन सावकाराच्या कागदात गेली. मामा त्याच घोरात गेले. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा हा भाचा आडवा उभा राहिला, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे आपल्या या नायकानं शास्त्र वाचून वैराग्य घेतलेलं नाही. अक्षरओळख नव्हतीच त्यांना. बाप दारूनं गेला आणि मामा कर्जानं गेला, ही त्यांची शाळा.

लग्न झालं होतं, कुंताबाई त्यांचं नाव. पहिली मुलगी झाली. बारशाला भाऊबंद जमले, पानावर काय येणार ते सगळ्यांना ठाऊक. आणि आलं गोडधोड! ना मटण, ना दारू. भाऊबंद रागावले. आज आपल्याला हे किरकोळ वाटतं. पण मंडळी, एका गरीब घरानं जातभाईंच्या पंगतीत रूढी मोडणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं भोगलं त्यालाच कळतं. भाषण देणं सोपं आहे. आपल्या घरच्या बारशाला बोकड न कापणं अवघड.

मग आला छप्पनचा दुष्काळ, 1899 आणि 1900 सालचा. संवत् 1956 म्हणून छप्पनचा. वऱ्हाडाला त्यानं फार झोडपलं. जी माणसं उपाशी होती त्यांनाच रोग आधी गाठत होता, हे त्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं. पाच वर्षांनी, 1 फेब्रुवारी 1905 ला, डेबूजींनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटकं गाडगं, हातात खराटा. गाडग्यात भाकरी मागायची, त्यातच पाणी प्यायचं. लोकांनी नाव ठेवलं गाडगेबुवा. पुढं गाडगेबाबा.

आता बाबांची रीत सांगतो. मी कीर्तनकार आहे, म्हणून मला तिचं जास्त नवल वाटतं. आमची रीत काय? गाडी येते, माळ पडते, गंध लागतं, कीर्तन होतं, पाकीट मिळतं, गाडी जाते. हसू नका, खरं सांगतोय. बाबांची रीत उलटी. गावात शिरायचं ते हातात खराटा घेऊनच. कुणाला काही सांगायचं नाही, विचारायचं नाही. पाराजवळ, विहिरीजवळ, देवळापुढं झाडायला सुरुवात. तुंबलेली नाली उपसायची. आधी पोरं जमायची, वेडा आलाय म्हणून. मग एखादी बाई घरातून केरसुणी आणायची, लाजेनं का होईना. दुपारपर्यंत पाटील बाहेर यायचे. संध्याकाळपर्यंत गावानं गाव झाडलेलं असायचं, आणि रात्री कीर्तन! कीर्तनात वऱ्हाडी बोली, गोपाळाचा गजर, आणि प्रश्न. बाबा विचारायचे, सगळा जमाव उत्तर द्यायचा. दारू पिऊन कुणाचं भलं झालं? कर्ज काढून सण केला तर देव खूश होतो का? दगडाला बकरं कापतोस, त्यानं तुझ्या पोराचा ताप उतरतो का? अशा अर्थाचं सगळं. जमावाच्या तोंडूनच नाही म्हणवून घ्यायचं. स्वतः होऊन दिलेलं उत्तर माणूस घरी नेतो. आम्ही दिलेला उपदेश इथंच सतरंजीवर राहतो. पहाटे लोक पाया पडायला शोधायचे तर बाबा पुढच्या गावाला निघून गेलेले. पायाला हात लावू द्यायचे नाहीत, शिष्य केला नाही, मंत्र दिला नाही.

बकऱ्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. त्या काळी गावात पटकी आली, म्हणजे आताच्या भाषेत कॉलरा, की लोक काय करायचे? मरीआईचा गाडा. देवीचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर ढकलायचा, म्हणजे रोग शेजारच्या गावात. शेजारचे आणखी पुढं ढकलणार. बळी द्यायचे, त्यालाही कर्ज काढायचं. पटकीचा जंतू 1884 साली कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरांनी आपल्या कोलकात्यातच तळ्याच्या पाण्यात दाखवला होता. पण ती बातमी आपल्या गावच्या विहिरीपर्यंत कोण आणणार? दवंडीवाला आणणार नव्हता. जंतूचं नाव न घेता ती बातमी खराट्यानं आणली. पाण्याजवळ घाण करू नका, नाल्या वाहत्या ठेवा, गावाच्या बाहेर गाडा ढकलायचाच असेल तर घाणीचा ढकला.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. नाव बघा काय! ऋणातून सोडवणारं. पौष महिन्यातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. काठाला चिखल, म्हातारीकोतारी घसरून पडायची. बाबांनी तिथं दगडमाती टाकायला सुरुवात केली, एकट्यानं. यात्रेकरू आधी बघत राहिले, मग हात लावू लागले, आणि पुढं तिथं घाट उभा राहिला. आंधळे, पांगळे, महारोगी, ज्यांना कुणी शिवत नव्हतं, त्यांना यात्रेत जेवण आणि कपडे वाटायचं काम बाबांनी तिथंच लावून दिलं. देवळापुढं पैसा टाकणाऱ्याला बाबा सांगायचे, इकडं टाक. तीर्थाला गेल्यानं ऋण फिटतं ही श्रद्धा लोकांची होतीच. ती मोडली नाही त्यांनी. ती श्रद्धा धरूनच माणसाला खऱ्याखुऱ्या कर्जातून बाहेर काढता येतं का, एवढंच पाहिलं.

आता आपण बसलोय त्या पंढरीकडं येऊ. साधारण 1920 च्या सुमाराची पंढरी डोळ्यांपुढं आणा. वारीला लाखानं माणूस. उतरायला जागा कुणाला? ज्याचा मठ आहे, ज्याची ओळख आहे, ज्याची जात चालते त्याला. बाकीचे वाळवंटात, पावसात, ओल्यात. वारीत पटकी पसरायची ती देवाच्या कोपानं नव्हे, असं पाण्यात आणि उघड्यावर राहावं लागायचं म्हणून. आणि चोखोबांच्या समाजाचा वारकरी? ज्या चोखोबांची समाधी महाद्वारात आहे, त्यांच्या लेकरांना देवळात जायची मुभा नव्हती, आणि गावात पाठ टेकायला ओटाही नव्हता. बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. मराठा धर्मशाळा बांधली, परीट धर्मशाळा बांधली.

इथं कुणी विचारील, आणि विचारलंच पाहिजे, की जातीजातीच्या वेगळ्या धर्मशाळा कशाला? बाबा तर जात मानत नव्हते. मीही यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, ज्याला आज रात्री छप्पर हवंय त्याला जातपात मोडेपर्यंत थांब असं सांगणं त्यांना जमलं नाही. हे पूर्ण उत्तर आहे असं मी म्हणत नाही. वेगळी धर्मशाळा बांधली म्हणजे वेगळेपण थोडं पक्कंही होतं. पण पुढं काय झालं ते पाहा. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी इथंच, तनपुरे महाराजांच्या मठात, दहा दिवस उपोषण केलं तेव्हा विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं. आणि 1949 साली बाबांनी ती चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या वसतिगृहासाठी. यात्रेपुरतं छप्पर होतं, ते शिक्षणाचं छप्पर झालं. अक्षर न शिकलेल्या माणसानं दिलेलं. जेवायचं ताट विका, पण पोराला शाळेत घाला, हा तर त्यांचा जन्माचा धोशा. कराडला रयत शिक्षण संस्थेनं 1954 साली काढलेल्या कॉलेजला त्यांचं नाव आहे ते उगीच नाही.

पैसा कुठून आला म्हणाल, तर आला मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून, गिरणीतल्या कामगारांकडून, गावच्या बायाबापड्यांकडून. बाबा स्वतः पैशाला हात लावत नसत. तिथलीच चार शहाणी माणसं एकत्र बसवायचे, विश्वस्त नेमायचे, हिशोब त्यांच्याकडे. आणि कागदात लिहून घ्यायचे की या वास्तूवर माझा किंवा माझ्या नातेवाइकांचा हक्क नाही. 8 फेब्रुवारी 1952 ला गाडगे महाराज मिशन सुरू झालं तेही याच शिस्तीत. एवढ्या धर्मशाळा बांधल्या, पण मुक्कामाला स्वतः झोपडीत नाहीतर झाडाखाली. पोटच्या लेकरांना एक खोलीसुद्धा दिली नाही. आमच्यातल्या किती मठांचे वाद कोर्टात पडून आहेत ते तुम्हाला माहीत आहे. मी नावं घेत नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. धर्मशाळा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? काशी, नाशिक, आळंदी, पंढरपूर. जिथं तीर्थ तिथं धर्मशाळा, हे शेकडो वर्षं चालत आलेलं. बाबांनीही आधी तिथंच बांधल्या. पण म्हातारपणी त्यांची नजर दुसरीकडं गेली. त्यांच्या ध्यानात आलं की गरिबाची सगळ्यात अवघड यात्रा आता पंढरीची राहिलेली नाही. ती मुंबईच्या दवाखान्याची आहे. भायखळ्याला जे. जे. हॉस्पिटल. परळला 1941 साली उघडलेलं टाटा हॉस्पिटल, कर्करोगाचं. विदर्भातून, कोकणातून, खानदेशातून माणूस तिथं येतो. हातात गाठोडं, खिशात डॉक्टरची चिठ्ठी, आणि मुंबईत ओळखीचं कुणी नाही. बाबांनी जे. जे.च्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. आणि त्यांच्या माघारी, त्यांच्याच वाटेनं, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा झाली. परळ तिथून हाकेवर. आजही दवाखान्याचा कागद दाखवला की नाममात्र पैशांत तिथं रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला राहता येतं.

याचं मोल कळायला हिशोब मांडावा लागतो. कर्करोगाचे शेक घ्यायचे असतात, किरणांचे. रोजचं काम दहा-पंधरा मिनिटांचं. पण आठवड्याचे पाच दिवस, आणि असे पुष्कळदा सहा-सहा, सात-सात आठवडे! म्हणजे दीड महिना मुंबईत राहायचं. रुग्ण आणि एक माणूस. भाडं, दोन वेळचं जेवण, रोजचं जाणं-येणं. आणि गावाकडं? पेरणी पडून, गुरं शेजाऱ्याच्या भरवशावर, रोजगार बुडालेला. औषध फुकट मिळालं तरी या दीड महिन्यानं घर बसतं. पुष्कळ माणसं अर्धे शेक घेऊन परत जातात. आजार हटला नाही म्हणून नव्हे, पैसे हटले म्हणून.

मंडळी, आता माझ्या वडिलांचा प्रश्न आठवा. जमीन कुठं गेली? आता कळलं मला. डॉक्टरनं घेतली नाही. ती भाड्यात गेली, वडापावात गेली, बसच्या तिकिटात गेली. पहिले आठ दिवस तर वडील फूटपाथवर झोपले होते, ते मला चुलत्यांनी मरायच्या आदल्या वर्षी सांगितलं. आणि त्या वेळी मुंबईत बाबांची धर्मशाळा होती! आम्हाला माहीत नव्हतं. गावात दोन भजनी मंडळं, वर्षाला एक सप्ताह, तीन कीर्तनकार येऊन गेलेले, आणि एकानं कधी सांगितलं नाही की मुंबईत अशी अशी जागा आहे. मोक्षाची वाट सगळ्यांनी सांगितली. हे मी कुणावर राग म्हणून बोलत नाही. मीही नंतर वीस वर्षं कीर्तनं केली आणि सांगितलं नाही.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तोही सांगून टाकतो. काही विद्वान म्हणतात, बाबांनी गरिबालाच शिकवलं: दारू सोड, झाड, कर्ज काढू नको. सावकाराला काय बोलले? आक्षेप अगदी खोटा नाही. सुप्याच्या लोकांनी रोखे जाळले तसे बाबांनी जाळले नाहीत. पण शेठ-सावकाराचा पैसा हक्कानं मागून तो महारोग्याच्या ताटात, चोखोबाच्या लेकराच्या वसतिगृहात आणि रुग्णाच्या अंथरुणाखाली नेऊन ठेवला, त्यावर त्या शेठचा ताबा राहू दिला नाही, हेही खरं. यातलं थोर कुठलं ते तुम्ही ठरवा. पुढं सरकारनं 2000-01 साली त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, गावंच्या गावं झाडून निघाली, बक्षिसं मिळाली. चांगलंच झालं. फक्त काही गावांत बक्षीस मिळाल्यावर खराटा कुठं ठेवला ते आठवत नाही, अशी अवस्था आहे.

शेवटची गोष्ट. 1956 साल. प्रकृती ढासळलेली, तरी बाबा थांबत नव्हते. 8 नोव्हेंबरला मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढं कीर्तन झालं. तेच अखेरचं. त्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण झालं, म्हणून आज आपल्याला तो आवाज ऐकायला मिळतो. आमचीही कीर्तनं हल्ली मोबाइलवर घेतात, त्यांची पुस्तकं निघतात. बाबांचा तो आवाज एकदा ऐका, मग आमची पुस्तकं वाचा. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. चौदा दिवसांनी, 20 डिसेंबरला, बाबांना घेऊन गाडी अमरावतीकडं निघाली होती. वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच त्यांनी देह ठेवला. कुठल्या मठात नाही, कुठल्या धर्मशाळेत नाही. वाटेवर.

आता गजर घेऊ, गोपाळाचा. त्याआधी दोन सूचना. उद्या काकड्याच्या आधी, पहाटे साडेतीनला, घाट झाडायचा आहे. खराटे मंडपाच्या मागं ठेवले आहेत, चाळीसच आहेत, ज्याच्याकडं असेल त्यानं आपला आणावा. आणि दुसरी. ज्यांच्या घरी कुणाला मुंबईला उपचारासाठी न्यायचंय, त्यांनी आरती झाल्यावर लगेच उठू नका. इथं माझ्यापाशी बसा. कुठले कागद बरोबर घ्यायचे आणि कुठं उतरायचं, ते आपण वहीत लिहून घेऊ. म्हणा मंडळी...